ग्रीर रस्त्यावरच्या सह्या

माझे गुडघे गेलेत हे अख्ख्या तिर्झा चर्चला ठाऊक आहे. तरी सह्या गोळा करायचं काम निघालं तेव्हा सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडेच पाहिलं. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात उभी राहिले. आता निवृत्त आहे, म्हणजे लोकांच्या लेखी रिकामी आहे, आणि रिकाम्या बाईला कोणीही कामाला जुंपावं.

काम असं होतं. शहराच्या आमच्या उत्तर भागातली हार्मन शाळा पाचवीपर्यंतच आहे. ती चार्टर शाळा. म्हणजे पैसा सरकारचा पण कारभार जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या हाती नाही, शाळा स्वतःच बघते. फी नाही, सोडतीत नाव निघालं की मूल आत. त्यांना सहावी ते आठवीचे वर्ग वाढवायचे होते, आमच्याच रस्त्यावर बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या इमारतीत. परवानगी देणाऱ्या मंडळाची अट होती की शहरात राहणाऱ्या पाचशे माणसांच्या सह्या आणा, पत्त्यासकट. मग फेब्रुवारीत सुनावणी.

माझी नात केझाया त्या शाळेत पाचवीला होती. सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडे राहायची आणि सुट्टीचे दोन दिवस काउंटीत, म्हणजे शहराबाहेर, आईकडे. माझी मुलगी शॅरिस लग्न करून शहराच्या हद्दीबाहेर गेली, तिथे तिचं नवं घर आहे, पुढे हिरवळ आहे, जवळच्या शाळेत पोहायचा तलाव आहे. चार वर्षांपूर्वी माझं तिच्याशी ठरलं होतं की हार्मनची शाळा आहे तोवर पोरगी माझी. सहावीचा वर्ग निघाला नाही तर ती जूनमध्ये जाणार होती.

मी दारोदार सांगत फिरले की आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी सही करा. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण माझं मला माहीत होतं. केझाया गेली की त्या घरात मी आणि टीव्ही, दुसरं कोणी नाही. मला सहावी हवी होती ती माझ्यासाठी.

शाळेने या कामाला ब्रिएल नावाची मुलगी नेमली होती. सव्वीस वर्षांची, सतत धावपळीत, गाडीत पिवळ्या टी-शर्टांचे गठ्ठे. टी-शर्टावर लिहिलं होतं, "आमची मुलं, आमची निवड." माझ्या मापाचा एकही नव्हता.

"मिस व्हर्लिन, तुम्हाला तर सगळी वस्ती ओळखते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी पाचशे म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही तर तूच कर की."

"माझ्यासाठी कोणी दार उघडत नाही हो."

खरं होतं. माझ्यासाठी उघडत होते, पण उघडायला आत माणूस तर हवा. जानेवारीची थंडी, पायऱ्यांवर बर्फ, एका रस्त्यावर जेमतेम चार-पाच घरांत वावर. बाकी तक्ते ठोकलेली खिडक्या-दारं, नाहीतर नुसती मोकळी जागा. तीन आठवड्यांत ब्याण्णव सह्या झाल्या आणि माझा डावा पाय सुजला. मी ब्रिएलला सांगितलं, आता मी एक पाऊल चालणार नाही, जे काय होईल ते रविवारी चर्चमध्ये होईल.

आमच्या चर्चमध्ये रस्त्यांची मंडळं आहेत. माझ्या आजीच्या काळापासूनची. ग्रीर मंडळ, लॅबाडी मंडळ, मॅफिट मंडळ. कोणी आजारी पडलं की त्याच्या रस्त्याचं मंडळ जेवण पोचवतं, कोणी गेलं की त्याच्या रस्त्याच्या बायका तळघरातल्या स्वयंपाकघरात उभ्या राहतात. माणूस घर विकून कुठेही जावो, मंडळ सुटत नाही. ब्रदर ओटिस गेली अठरा वर्षं काउंटीत पार टोकाला राहतो, अजून मॅफिट मंडळाचा प्रमुख तोच. दर रविवारी सगळे तासभर गाडी हाकत येतात आणि आपापल्या रस्त्याच्या बाकांवर बसतात.

त्या रविवारी प्रवचनानंतर तळघरात तळलेली मासळी आणि स्पॅगेटीचं जेवण होतं. मी प्रत्येक मंडळाच्या टेबलावर एकेक कागदांचा गठ्ठा ठेवला. वर मीच मोठ्या अक्षरात रस्त्याचं नाव घातलं, म्हणजे गोंधळ नको. रेव्हरंड पेटिस माईकवरून म्हणाले, "सिस्टर व्हर्लिनला नाही म्हणून पाहा, मग भेटूच आपण." सगळे हसले. मासळी संपायच्या आत चारशे छत्तीस सह्या झाल्या. ओटिस तर म्हणाला, "बघितलंस, मॅफिटवाले ग्रीरवाल्यांना भारी पडले." मी घरी येऊन एकेक कागद नजरेखालून घातला. तळाशी मला सही करायची होती की वरील व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहतात हे मला स्वतःला माहीत आहे. मी प्रत्येक पत्ता वाचला आणि प्रत्येक कागदावर सही केली. इतक्या वर्षांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं. केझायाला मी त्या दिवशी पीच फळांचा गोड 'पाय' भाजून घातला.

सुनावणी गुरुवारी होती. त्या आधीच्या सोमवारी दुपारी ब्रिएल माझ्याकडे आली. कोटसुद्धा न काढता तिने टेबलावर कागद पसरले. निम्म्याहून जास्त ओळींवर लाल रेघा होत्या.

"मिस व्हर्लिन, तीनशे बारा सह्या बाद झाल्या."

"का म्हणून? सगळी खरी माणसं आहेत. मी एकेकाला ओळखते."

"माणसं खरी आहेत. घरं नाहीत." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे चाळीस-अठरा, ग्रीर. परवानगीवाल्या मंडळाच्या माणसाने शहराच्या नोंदी काढल्या. हे घर अकरा वर्षांपूर्वी पाडलं. हे त्याच्या शेजारचं, तेही पाडलं. ही अख्खी बाजू नाही तिथे. लोकांनी स्वतःचे पत्ते का नाही लिहिले?"

मी चष्मा लावला. चाळीस-अठरा म्हणजे माझ्या बालमैत्रिणीचं, लुसिंडाचं घर. मागच्या अंगणात अंजिराचं झाड, लहानपणी आम्ही तिथे नळाला तोंड लावून पाणी प्यायचो. सही लुसिंडाच्या मुलाची होती. तो काउंटीत राहतो, त्याचं घरही मी पाहिलंय. कागदावर वर ग्रीर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, म्हणून त्याने ग्रीरचा पत्ता लिहिला. कोणी लबाडी केली नव्हती. तळघरात मंडळाच्या टेबलाशी बसलं की आमच्यातला कोणीही तेच लिहील.

"तुम्ही पत्ते वाचले नाहीत का?" ब्रिएलने विचारलं. ती चिडली नव्हती. चिडायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

"वाचले. सगळे वाचले."

"मग?"

मी काय सांगणार, कपाळ? ते पत्ते वाचताना मला एकेक घर दिसत होतं, पुढचा ओटा, दाराचा रंग, कोण कुठे बसलेलं. त्या मोकळ्या जागांवरून मी रोज केझायाला शाळेत नेते. रोज. आणि त्या रात्री कागदावर सही करताना मला एकदाही वाटलं नाही की तिथे घर नाहीये. एवढी कशी मी गाढव.

"आता?" मी विचारलं.

"नव्या सह्या घ्यायला वेळ नाही. ते म्हणतात, अर्ज सुनावणीला घेऊ, पण जिने खाली सही केली तिने येऊन खुलासा करावा. शाळेचे वकील म्हणतायत की..."

"की म्हातारीने घोटाळा केला म्हणा आणि मोकळे व्हा."

"मी तसं होऊ देणार नाही," ती म्हणाली. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

ती गेल्यावर मी दोन घरं सोडून ओडेसाकडे गेले. ओडेसा क्रूम आणि मी एकाच वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्या. तिने एकोणतीस वर्षं जिल्ह्याच्या लँगफर्ड शाळेत सातवीला गणित शिकवलं, आणि ती या चार्टर प्रकाराच्या पक्की विरोधात. मासळीच्या त्या जेवणाला तिने ताट घेतलं पण सही केली नव्हती.

"ये," ती म्हणाली. "ऐकलं मी. पाडलेली घरं सह्या करायला लागली म्हणे."

"हसून घे."

"हसत नाहीये. कॉफी घेतेस?"

"घेते. गुरुवारी तू बोलणार आहेस ना, आमच्या विरोधात?"

"बोलणार आहे." तिने कप पुढे केला. "व्हर्लिन, लँगफर्डमध्ये आता एकशे चाळीस पोरं उरलीत. सातशे होती. तुमची सहावी निघाली की त्यातली साठ जातील आणि मग जिल्हा तिला कुलूप लावेल. हे तुला कळत नाही असं नाही."

"मला कळतं. पण माझी नात लँगफर्डला जाणार नाही, शॅरिस पाठवणारच नाही. सहावी नाही म्हणजे केझाया काउंटीत."

ओडेसाने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मग तसं सांग ना. आपल्या वस्तीसाठी, आपल्या मुलांसाठी, कशाला एवढं कीर्तन?"

"कारण म्हातारीला एकटं राहायला भीती वाटते यावर कोणी सही करत नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज चिरकला. तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

गुरुवारी सहा वाजता सुनावणी सुरू झाली. उजवीकडे पिवळे टी-शर्ट, डावीकडे जिल्ह्याच्या शिक्षकांचे लाल. प्रत्येकाला दोन मिनिटं, समोर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावतं. केझाया शाळेच्या इतर मुलांबरोबर पुढच्या रांगेत बसली होती, तिच्या हातात फलक दिलेला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी काठी टेकत माईकपाशी गेले आणि खरं काय ते सांगितलं. रस्त्यांची मंडळं, कागदाच्या वर माझं अक्षर, माझी चूक. डावीकडून कोणीतरी म्हणालं, "मेलेलेही मतदान करतात वाटतं." लोक हसले. परवानगी देणाऱ्या मंडळाची अध्यक्षीण, सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेली बाई, म्हणाली, "मॅडम, आपण तीनशे बारा खोट्या पत्त्यांखाली शपथेवर सही केली आहे, याची कल्पना आहे ना?"

मी काठी सावरून माईककडे वाकले. घड्याळ शून्यावर आलं.

पुढचं नाव ओडेसाचं होतं. ती लाल टी-शर्ट घालून माईकपाशी आली.

"ते पत्ते खोटे नाहीत," ती म्हणाली. "चाळीस-अठरा ग्रीर, तिथली तीन पोरं मी शिकवली. चाळीस-बावीस, दोघं. एकेचाळीस-शून्य-सात लॅबाडी, तिथल्या मुलीला अपूर्णांक येत नव्हते, आज ती परिचारिका आहे. व्हर्लिन मॅब्रीने आयुष्यात कोणाला फसवलेलं नाही आणि जो तिला फसवी म्हणेल त्याने मला येऊन भेटावं." लाल टी-शर्टांचं हसू बंद झालं. "पण ही घरं आता नाहीत, हेही खरं. तेच सांगायला मी आलेय. यादी नीट वाचा. आमच्या भागात मुलं उरलेली नाहीत. जिथे मुलंच नाहीत तिथे आणखी एक शाळा कशाला उघडता? जी आहे ती तरी जगू द्या."

तिची दोन मिनिटं संपली. ती माझ्या शेजारी, पिवळ्यांच्या बाजूला येऊन बसली. मी तिचा हात धरला. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

अध्यक्षीणबाईने शहराचा मोठा नकाशा पडद्यावर लावायला सांगितला. आमच्या सह्यांचे ठिपके आणि हार्मनच्या प्रतीक्षा यादीतल्या मुलांचे ठिपके. मुलांचे ठिपके होते खूप, पण जवळजवळ सगळे दक्षिणेला. आमच्या बाजूला उरलेल्या सह्यांचे तुरळक ठिपके, बाकी सगळं मोकळं. आमचा भाग नकाशात बघवत नव्हता. मंडळाचे लोक आपसात अर्धा तास कुजबुजले, मग मतदान झालं. सहावी ते आठवी मंजूर. सह्या कमी असल्या तरी प्रतीक्षा यादी भरपूर आहे म्हणून मंजूर. फक्त जागा टपाल कचेरीची नाही, शहराच्या दक्षिण टोकाला, मुलं जिथे राहतात तिथे.

पिवळे टी-शर्ट टाळ्या वाजवत उठले. ब्रिएल मला मिठी मारायला आली.

"मिस व्हर्लिन, झालं. तीन वर्षं मी यासाठी धडपडत होते. झालं एकदाचं."

"आमच्याकडून बस असेल का?"

"असेल. नक्की असेल."

"किती वाजता निघेल?"

तिने मनात हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. "पावणेसहाला वगैरे. सकाळी."

"अंधारात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केझायासमोर ग्रिट्सची, म्हणजे मक्याच्या लापशीची, वाटी ठेवली आणि रात्रभर घोकलेलं बोलायला लागले. मी साडेचारला उठेन. पाचला तुला उठवेन. थांब्यापर्यंत मी येईन, बस येईपर्यंत उभी राहीन. येताना बसमध्ये अभ्यास होईल. हिवाळ्याचे तीन महिने जड जातील, मग काही नाही. तुझी आई कुरकुर करेल, तिला मी बघते.

ती चमचा वाटीत फिरवत होती. अकरा वर्षांची पोर, पण कपाळाला आठ्या तिच्या आईसारख्या.

"ग्रॅनी, तू रागावणार नाहीस ना?"

"आधी सांग, मग ठरवते."

"मला मॉमकडे जायचंय."

"बससाठी म्हणतेस? अगं, सवय होईल."

"बससाठी नाही." तिने चमचा ठेवला. "तिसरीत होते तेव्हापासूनच."

मी खुर्ची ओढून बसले. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू खूश होतीस. आणि मग तू बर्फात सह्या घेत फिरायला लागलीस, तुझा पाय सुजला. मग मी कसं सांगणार?"

"इथे काय कमी पडलं तुला? काय दिलं नाही मी?"

"सगळं दिलंस." ती रडकुंडीला आली होती. "पण इथे मी सायकल कोणाबरोबर चालवू? शाळा सुटली की मी, तू आणि मिस ओडेसा. तिकडे मॉमच्या रस्त्यावर सहा मुली आहेत. मी शनिवारी जाते तेव्हा त्या माझी वाट बघत असतात."

मला खूप काही बोलायचं होतं. तुझ्यासाठी केलं हे सगळं, असं ओठांवर आलं होतं, पण ते तिच्यासाठी केलेलं नव्हतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तिला पाठवायचं नव्हतं. आजही नाही. ती टेबलापलीकडून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तिथे हो म्हटलं नसतं तर ती राहिली असती, चुपचाप, रोज पहाटे पावणेसहाच्या बसने गेली असती. ती तशी पोर आहे.

"बरं," मी म्हणाले. "पाचवी संपव. मग जा."

तिने येऊन माझ्या गळ्याला मिठी मारली आणि मी तिची वेणी पुन्हा घालायच्या निमित्ताने तिला पाठमोरी उभी केली, म्हणजे माझं तोंड तिला दिसू नये. मग शॅरिसला फोन लावला.

"मॉम, मी बातमी बघितली," ती लगेच सुरू झाली. "आता प्लीज भांडू नकोस. पहाटेची बस, अकरा वर्षांची मुलगी..."

"मी भांडत नाहीये. तिला खोली कुठली देणार ते सांग."

"मागची. अंगणाकडची."

"त्या खोलीत थंडी येते का?"

"नाही, मॉम. चांगली उबदार आहे."

"तिला पायमोजे घालून झोपायची सवय आहे. घातले नाहीत तर उठून घालायला लाव."

"लावीन," शॅरिस म्हणाली. तिचा आवाज आता हळू झाला होता. "मॉम, तू पण ये ना इकडे. आपल्याकडे जागा आहे."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ओडेसा बर्फ वितळावा म्हणून तिच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होती. आणखी कोणी नव्हतं.

"बघू," मी म्हणाले आणि फोन ठेवला. केझाया दप्तर अडकवून दारात उभी होती. शाळेला उशीर होत होता, म्हणून मी कोट घातला आणि तिला सोडायला निघाले.